दहा हजार फैरी आणि वाटीभर करडईचं तेल

पिस्तूल किती वर्षं टिकतं हे बघायचा मला पगार मिळायचा. पंधरा वर्षं मिळाला. या अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, काका, नोकरीतल्या गमती लिहा, लोकांना बंदुकीचं लई आकर्षण असतं. गमती होत्या, नाही असं नाही. पण लिहायला बसलं की हात फिरून फिरून एकाच दसऱ्यावर येतो. तेव्हा जे येतं ते लिहितो, संपादकांना कापायचं तर त्यांनी खुशाल कापावं.

माझं गाव घनसावंगी तालुक्यातलं, तीर्थपुरीच्या बाजारचं. एक्क्याऐंशी साली, आपला जालना जिल्हा नवा झाला त्याच साली, मी आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलो आणि शस्त्रं बनवणाऱ्या एका लांबच्या सरकारी कारखान्यात लागलो. पहिली चार-पाच वर्षं लेथवर काढली. मग टिकाऊपणाच्या चाचणीवर घेतलं. परवाना असलेल्या माणसाला विकायचं एक छोटं पिस्तूल तेव्हा तयार होत होतं. तळहातात मावेल, सदऱ्याच्या खिशात जाईल एवढं. ते बाजारात जायच्या आधी त्याचे नमुने आम्ही झिजवून झिजवून मारायचे.

काम सांगतो. एका नमुन्यानं दहा हजार फैरी झाडायच्या. पन्नास झाल्या की पिस्तूल निवू द्यायचं. पाचशे झाल्या की खोलायचं, पुसायचं, स्प्रिंगा मोजायच्या. तडा बघायला रॉकेलमध्ये बुडवून कोरडं करायचं आणि वर खडू फासायचा. तडा असला की त्यातलं रॉकेल खडूत उतरतं आणि बारीक काळी रेघ दिसते. याशिवाय पाण्यात बुडवणं, भट्टीत तापवणं, कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर टाकणं हे होतंच. फैर अडली की माझ्या खांद्यामागं फोरमन वही घेऊन उभा राही. मी हत्यार रिकामं करायचं, खोलायचं, कारण सापडलं की मोठ्यानं बोलायचं. तो लिहायचा. मग मी पुसून, जोडून पुढच्या फैरीला लागायचं. हे इतक्या वेळा केलं की पुढं डोकं दुसरीकडं असलं तरी हात आपले काम करत राहायचे.

डावा कान त्याच नोकरीत गेला. सुट्टीवर येताना घनसावंगीहून जीपमध्ये एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं की रोज किती गोळ्या मारता. म्हटलं, दोन-तीनशे. कोणाला म्हणे. म्हटलं, मातीच्या ढिगाला. त्यावर तो बराच वेळ विचार करून म्हणाला, मातीच्या ढिगानं सरकारचं काय वाकडं केलंय? जीप हसली, मीही हसलो.

मला त्या कामाचा गर्व होता, हे कबूल करतो. धुळीच्या चाचणीला कारखान्यात चाळलेली, धुतलेली वाळू वापरायचे. मी फोरमनला म्हटलं, साहेब, असली वाळू आमच्याकडं कुणाच्याच खिशात नसते. पुढच्या सुट्टीत गोदाकाठची काळी माती पिशवीभर घेऊन गेलो. ती वाळवून, कुटून पिस्तुलावर सोडली आणि तिसऱ्याच फैरीला ते अडलं. मोठे साहेब बघायला आले. सरकत्या भागाची फट वाढवली गेली, आणि पुढं जी पिस्तुलं बाहेर पडली त्यांत माझ्या गावच्या मातीचा हिशेब धरलेला होता. ही गोष्ट मी गावात किती जणांना सांगितली असेल त्याला गणती नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. माती नेली, तेल नेलं नाही.

सर्जेरावदादा आमच्या शेजारचे. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, नदीकडंला ऊस, घरात बोलायची पद्धत मोठ्यानं. नव्वदच्या सुमारास त्यांनी परवाना काढला. शेत लांब, रानातली वाट वाईट असं अर्जात लिहिलं होतं. खरं म्हणजे हौस. कोणतं घेऊ म्हणून मला पत्र टाकलं. मी कळवलं, हेच घ्या, मी स्वतः झिजवून बघितलंय, तुमच्या नातवाला पुरेल. माझ्या शब्दावर त्यांनी ते घेतलं.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. विळा, कुऱ्हाड, पाभरीचा फाळ, सगळं धुऊन पाटावर मांडायचं. त्या साली मधोमध पिस्तूल ठेवलं. मी सुट्टीवर होतोच. दादा म्हणाले, मान तुमचा, तुम्हीच तेल चढवा. वहिनींनी वाटीत करडईचं तेल आणून दिलं. मी फुलानं ते पिस्तुलावर सोडलं. घोड्यावर, नळीवर, मागच्या खाचेत. वहिनींनी हळदकुंकवाची बोटं ओढली. कुणीतरी विचारलं की यानं मशीन बिघडायचं न्हाई का. मी ऐटीत म्हणालो,

"दहा हजार फैरी सोसल्यात यानं. वाटीभर तेलानं याला काय होतंय?"

सगळ्यांना ते पटलं. का पटू नये? चाचणीवालाच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी शिलंगणाला गावाच्या शिवेवर दादांनी हवेत एक फैर काढली. कायद्यात ते बसत नाही, मलाही ठाऊक होतं. पण दरसालचा तो रिवाजच झाला. दसऱ्याला एक फैर, मग वर्षभर पिस्तूल लाल फडक्यात गुंडाळून देवघराच्या फडताळात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी ते खोलून पुसायला घेतलं, तर वहिनी आडव्या आल्या. सवाष्णीनं देवाला लावलेलं कुंकू पुसत न्हाईत, भावजी, म्हणाल्या. मी हात मागं घेतला. दुसऱ्याच्या घरात, सणासुदीला, बाईमाणसाशी काय वाद घालायचा? बाहेरून फडकं फिरवलं आणि परत ठेवून दिलं.

करडईचं तेल वाळतं. हे मला कुणी शिकवायला नको होतं, मराठवाड्यातल्या कुठल्याही बाईला विचारा. बरणीच्या काठावर ओघळलेलं तेल पुसलं नाही तर महिन्या-दोन महिन्यांत त्याची राळ होते आणि नखानं खरवडावी लागते. मशीनचं तेल असं वाळत नाही, म्हणून तर ते मशीनचं तेल. त्यात कुंकू मिसळलं, देवघरातला धूर बसला, आणि हे सगळं वर्षामागून वर्ष त्या खाचेतून आत उतरत राहिलं.

आता पिस्तुलाची एकच गोष्ट समजून घ्या, बाकी काही लागत नाही. आत एक पिन असते. घोडा तिच्यावर आपटतो, ती पुढं जाऊन गोळीच्या बुडाला टोचते आणि गोळी सुटते. लगेच एक बारकी स्प्रिंग तिला मागं ओढते. पिन मागं आलीच नाही, तिचं टोक बाहेरच राहिलं, तर पुढच्या खेपेला गोळी भरून वरचा सरकता भाग मिटताना तेच टोक गोळीला टोचतं. बोट चापावर असायची गरज नाही.

तो आठवा का नववा दसरा. दुपारची जेवणं झाली होती. दादा ओसरीवर बाजेवर बसून फेटा बांधत होते. त्यांचा मुलगा विष्णू, तेव्हा सव्वीस-सत्तावीसचा, समोर उभा होता. आदल्या दिवशी बापलेकांची जोरात वाजली होती. विष्णूला दोन एकर विकून जालन्यात मोटारी दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं आणि दादांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा नकार दिला होता. पण सणाचा दिवस, दोघंही जरा निवले होते. दादा म्हणाले, भर रे, उशीर होऊन राह्यला. विष्णूनं गोळ्या घातल्या, वरचा भाग मागं ओढला आणि सोडला.

मी चार हातांवर होतो. आवाज ओळखीचा, म्हणून आधी मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. मग दादा बाजेवर आडवे झालेले दिसले.

गोळी बरगडीखाली लागली होती. कुणीतरी जीप आणली, चौघांनी उचललं, विष्णू बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसला. जीप अंबडपर्यंतही पोचली नाही, दादा वाटेतच गेले. ते आम्हाला नंतर कळलं. जीप निघाली तेव्हा मी अंगणात उभा होतो आणि पिस्तूल माझ्या हातात होतं. विष्णूच्या हातून मीच ते काढून घेतलं होतं.

मग मी जे केलं ते कुठलाही शहाणा माणूस करणार नाही. चाचणीवालाच करील. मी ओसरीवर बसलो, पिस्तूल रिकामं केलं, खोललं. पिन पुढं अडकलेली होती. तिच्याभोवती तांबडीकाळी राळ होती, लाखेसारखी कडक. मी मोठ्यानं म्हणालो, "पिन पुढं अडकलेली." खांद्यामागं लिहायला कुणी नव्हतं. मग कंदिलातलं रॉकेल फडक्यावर घेऊन मी ती राळ काढली, पिन ठोकून मोकळी केली, नळी पुसली, सगळं परत जोडलं. मान वर केली तर दारात वहिनी उभ्या होत्या. त्या आल्या तोवर सगळं जोडून झालं होतं. फडकं चुलीत गेलं. कुणी टाकलं ते मला आठवत नाही, मीच टाकलं असेल.

पोलीस आले तेव्हा त्यांच्या हातात मी लखलखीत पिस्तूल दिलं.

यापुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. जबाबात मी सांगितलं की मी फक्त गोळ्या काढल्या. शस्त्रांच्या कारखान्यातला सरकारी नोकर, खुनाच्या जागेवर बसून हत्यार पुसतो, हे माझ्या तोंडून निघेना. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, मलाच आत टाकतील. शिवाय मनाची समजूत घातली की तपासणीला पाठवतील तेव्हा त्यांना कळेलच. काय कळणार होतं? कळण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं. महिन्या-सव्वा महिन्यानं अहवाल आला: शस्त्र सुस्थितीत, आपोआप सुटत नाही. अगदी बराबर अहवाल. मी लिहिला असता तर तोच लिहिला असता.

विष्णू तोवर तुरुंगात. त्याचा जबाब पहिल्या दिवसापासून एकच होता, मी चाप ओढला न्हाई. गावात सगळ्यांना आदल्या दिवशीचं भांडण पाठ होतं. दोन एकरासाठी बाप मारला, असं तीर्थपुरीच्या बाजारात बोललं जाऊ लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण लहानपणी शाळेत शिकलो होतो. त्यातला चोर आपण होऊ असं तेव्हा वाटलं नव्हतं.

अहवाल आल्यावर माझा धीर सुटला. तपास करणाऱ्या साहेबांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हे तेव्हा का नाही बोललात? कोर्टात सरकारी वकिलांनी हेच विचारलं. राळ कुठं आहे? पुसली. फडकं कुठं आहे? जळालं. आणखी कुणी बघितलं? कुणी नाही. आरोपीच्या वडिलांशी तुमचे घरचे संबंध होते ना? होते. माझ्या इतक्या वर्षांच्या ज्ञानाची दहा मिनिटांत भाजी झाली, आणि त्यात वकिलाची काही चूक नव्हती. विष्णू सुटला, पण संशयाचा फायदा म्हणून सुटला. वर्ष-सव्वा वर्ष आत काढून गावात आला तेव्हा लोक म्हणाले, चाचणीवाल्यानं वाचवला. म्हणजे मी खोटं बोललो असंच सगळ्यांनी धरलं.

नोकरीवरून मला कुणी काढलं नाही, ताकीद देऊन सोडलं. मीच राहू शकलो नाही. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि जालन्यात येऊन एका लेथच्या कारखान्यात बसू लागलो.

विष्णूचं बाहेरचं निभावलं, पण घरातलं निभावलं नाही. वहिनी विष्णूच्या हातचं खात नव्हत्या. त्यानं आणलेली भाजी शिजवायच्या नाहीत, त्यानं भरलेलं पाणी प्यायच्या नाहीत. एका घरात दोन चुली झाल्या. तो त्यांना एका शब्दानं बोलत नव्हता. बापासारखा मोठा आवाज होता पोराचा, तो पार बसला. मला हे कळलं तेव्हा मी गावी गेलो आणि वहिनींच्या पुढ्यात बसून सांगितलं, चूक माझी आहे. तेल मी चढवलं, कारण मी बघितलं, पुसलं मी. पोरानं चाप ओढला नाही. 

मग वहिनी म्हणाल्या, "जांबच्या रामाची आन घेता का, भावजी? तिथं देवळात?"

दुसऱ्या दिवशी जीप करून आम्ही तिघं जांब समर्थला गेलो. गाभाऱ्यासमोर हात ठेवून मी बोललो, मी माझ्या डोळ्यांनी पिन अडकलेली बघितली. कोर्टाला जे चाललं नाही ते वहिनींना चाललं. परत आल्यावर विष्णूनं चुलीपुढं बसून भाकरी थापली, ती त्यांनी घेतली. मी त्या ओसरीवर बसून ढसाढसा रडलो, आणि मला कुणी गप्प केलं नाही.

इथं थांबलो असतो तर बरं होतं. पण चाचणीवाल्याला शपथ पुरत नाही. 'दिसलं होतं' या शब्दाला आमच्या धंद्यात किंमत नसते, पुन्हा करून दाखवावं लागतं. मी लेथवर पोलादाचा एक ठोकळा केला, त्यात पिस्तुलातल्या मापाचं भोक, तसलीच पिन, तसलीच स्प्रिंग. पिस्तूल नव्हे, नुसता ठोकळा. गोळी नाही, नळी नाही. दर खंडेनवमीला त्यावर करडईचं तेल सोडायचं, कुंकवाची बोटं ओढायची, दसऱ्याला पिनवर हातोडीचा एक ठोका, आणि वर्षभर लाल फडक्यात देवघरात. बायको म्हणाली, बैल गेला आन झोपा केला. तिचं खरं होतं. पण मी विष्णूला सांगून बसलो होतो की नऊ वर्षं थांब, पिन अडकली की ठोकळा घेऊन आधी तीर्थपुरीच्या बाजारात जाऊ, चारचौघांत दाखवू. त्यानं मान हलवली होती.

टिकाऊपणाची एवढी लांब चाचणी मी कारखान्यातही केली नव्हती. पहिली तीन-चार वर्षं पिन खटकन परत यायची. मग जरा जड यायला लागली. सातव्या वर्षी इतकी सावकाश आली की मी घरात कुणाला बोलू दिलं नाही, नुसता तिच्याकडं बघत राहिलो. आठव्या वर्षी पुन्हा मोकळी. का ते मला सांगता येत नाही. त्यांचं देवघर धुरकट होतं, आमचं नाही. त्यांच्या घरावर पत्रे, उन्हाळ्यात भट्टीसारखी धग, आमच्यावर स्लॅब. नमुना एक असला की त्यावरून हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणता येत नाही, हे मी शिकाऊ पोरांना कितीदा सांगितलं असेल.

नववा दसरा झाल्यावर विष्णू आला. आधी कळवलं नव्हतं. कानशिलावर केस पांढरे झालेले, अंगावर स्वच्छ सदरा. पाया पडला, चहा घेतला आणि ठोकळा बघायला मागितला. मी फडकं सोडून त्याच्या हातात दिला. त्यानं अंगठ्यानं पिन दाबली. परत आली. पुन्हा दाबली. जरा थांबून परत आली. पाच-सहा वेळा त्यानं तसं केलं. मी त्याला धुराचं सांगितलं, धगीचं सांगितलं, एका नमुन्याचं सांगितलं. तो ऐकत होता.

मग खाली बघून म्हणाला, "काका, माझं बोट कुठं व्हतं ते मला आता आठवत न्हाई. सुरुवातीला बिलकुल पक्कं ठाऊक व्हतं. पण इतक्या जणांनी विचारलं, इतक्यांदा विचारलं... तुम्हाला ती खरंच अडकलेली दिसली व्हती का?"

मी म्हणालो, दिसली होती. आणि म्हणताना मला माझाच आवाज कोर्टातल्यासारखा वाटला. राळ मला अजून दिसते, तिचा रंग दिसतो. पण नऊ वर्षं एकच गोष्ट रोज बघणाऱ्या माणसाला काय काय दिसू शकतं, हेही आता मला ठाऊक आहे.

त्यानं ठोकळा फडक्यात नीट गुंडाळला, गाठ मारली आणि माझ्या मांडीवर ठेवला. दाराशी गेला, चपला घातल्या. मग मागं वळून, अगदी हळू आवाजात म्हणाला,

"हे आता बंद करा, काका. आन आईला यातलं काही सांगू नका. तुमच्या आनेवर ती माझ्या हातचं जेवती."